तीन नंबरचा राखणदार

त्या शनिवारी मी अंबडला गेलो ते एका माणसाला एक परवानगी द्यायला. काम दोन मिनिटांचं. घरी झोपाळ्यावर बसून मोबाइलवरूनही झालं असतं. पण माणसाच्या हातात जबाबदारी देताना आपण समोर जावं, त्याच्या तळहातावर पेढा ठेवावा, अशी माझी रीत आहे. म्हणून वाटेत पेढे घेतले आणि गेलो.

शनिवार म्हणजे नाशिकच्या या अंबडमधल्या कारखान्यांची सुट्टी. एरवी त्या भागात प्रेसच्या दणक्यांनी पायाखालची जमीन हलते. शनिवारी मात्र इतकी शांतता, की शेजारच्या प्लॉटमधला कुत्रा अंग झाडतो तेसुद्धा कळतं. दिवस थंडीचे, दुपारचं स्वच्छ ऊन. भीती वाटावी असं त्या दिवसात काही नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. अंधार होता तो सगळा चेंबरच्या आत.

माझं अंबडला फळांचं कोल्ड स्टोरेज आहे. शाळा मी नववीत सोडली, पंचवटीत हातगाडीवर फळं विकली, पुढे व्यापारात आलो. कॉम्प्युटर शिकलो तो मोबाइलवरचे व्हिडिओ बघून, एका बोटानं. ही इमारत मी जुनी विकत घेतली. आधीच्या मालकानं भरल्या हंगामात धंदा आवरला होता. का आवरला, हे मी विचारलं नाही; घेणाऱ्यानं फार विचारू नये, असं तेव्हा माझं मत होतं. मशिनरीबरोबर चिमाजीही आला. म्हणजे तोच म्हणाला, "शेठ, मला इथंच राहू द्या." सटाण्याकडचा माणूस, उंच, वाळका, बोलायला मोजका. मी ठेवून घेतला, आणि आयुष्यात माणूस ओळखण्यात मी जे काही थोडं कमावलं असेल, त्यात ती निवड पहिली धरतो.

आमच्या चेंबरची, म्हणजे माल ठेवायच्या थंड खोल्यांची, एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. डाळिंब नुसत्या थंडीनं टिकत नाही. चेंबर भरला की दार हवाबंद करतात आणि आतला प्राणवायू कमी करून नायट्रोजन सोडतात. फळ झोपी जातं, दोन-दोन महिने ताजं राहतं. पण त्या हवेत माणूस राहिला तर तोही झोपी जातो. वास नाही, ठसका नाही, गुदमरणं नाही. दार जाड, आतून मारलेली हाक बाहेर येत नाही. म्हणून आमच्या धंद्यात चोरीची, आगीची भीती नंतर. पहिली भीती एकच: दार लावताना आत कोणी राहिलं तर नाही ना?

चिमाजीची त्यावर स्वतःची पद्धत होती. दार लावण्याआधी तो उंबऱ्यावर उभा राहून प्रत्येक माणसाला नावानं हाक मारायचा. "कोणी आहे का?" असं कधीच नाही. म्हणायचा, 'कोणी' म्हटलं की माणसाला वाटतं दुसऱ्याला विचारतायत. नाव घेतलं की झोपेतला माणूसही ओ देतो. नवीन बाई कामावर आली की हा आधी तिचं नाव विचारणार, मग तिला आत सोडणार.

तर चार वर्षांपूर्वी मी सगळा कारभार कॉम्प्युटरवर आणायचा ठरवला. तापमान, हवा, दारं, सगळं पडद्यावर. आधी एका स्वस्तातल्या माणसाकडून करून घेतलं. त्यानं सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड दिला, आणि तो आमच्या लोकांनी विसरू नये म्हणून भिंतीवर रंगानं लिहिला. एकदा एका ट्रक ड्रायव्हरनं गेट उघडायला म्हणून बटण दाबलं आणि पाच नंबरची थंडी बंद केली. सकाळी द्राक्षांना घाम फुटला होता, आणि मलाही.

मग माझ्या मित्राची मुलगी हर्षाली आली. इंदिरानगरला दोन खोल्यांत तिचं ऑफिस, आणि डोकं असं की मी कोणाहीसमोर तिला नमस्कार करीन. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "काका, तुम्ही माणसांना किल्ल्या वाटताय. किल्ल्या खुर्च्यांना वाटायच्या असतात." मग तिनं समजावलं. तिच्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या सांगाड्यात, आधी रोल बनवायचा, म्हणजे खुर्ची. कोणत्या खुर्चीला काय करायची परवानगी, ते ठरवायचं. मग माणूस त्या खुर्चीवर बसवायचा. माणूस गेला की परवानगी त्याच्याबरोबर जात नाही, खुर्चीपाशीच राहते. गेटवाल्यानं फक्त गेट बघायचं. हिशेबवाल्याला तापमान दिसेल, पण बदलता येणार नाही. मी सुपर अ‍ॅडमिन, मला सगळं खुलं. चाळीस वर्षं दुकानदारी करून मला जे नीट सांगता आलं नसतं, ते या पोरीनं एका दुपारी मांडून दाखवलं.

चेंबरच्या दारांचं काय करायचं, हे विचारायला ती चिमाजीकडे बसली. मी शेजारी चहा पीत होतो. त्यानं तिला दोन खुर्च्या करायला लावल्या. एक दार लावणाऱ्याची, दुसरी आत कोणी नाही असं सांगणाऱ्याची. दोन्हींवर एकच माणूस कधी बसणार नाही. दुसरीचं नाव त्यानंच सुचवलं, राखणदार. राखणदारानं दाराशेजारच्या यंत्रावर अंगठा लावून 'रिकामी' म्हटल्याशिवाय दार लागणार नाही. आणि त्यानं 'थांबा' म्हटलं तर कोणालाही ते ओलांडता येणार नाही.

हर्षाली म्हणाली, काकांना येईल, ते सुपर अ‍ॅडमिन आहेत, त्यांना कुठलीच तपासणी लागत नाही.

"मालकालाबी नको," चिमाजी म्हणाला.

मी कप खाली ठेवला. माझ्याच छताखाली, माझ्याच चहावर. म्हटलं, का रे बाबा, मी काय माणूस मारणार आहे का?

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. "मालकाला घाई असते, शेठ," एवढंच म्हणाला. मग हर्षालीला आणखी एक गोष्ट सांगितली. पडद्यावर 'थांबा' आलं की खाली फक्त 'राखणदार' असं यावं, कोणत्या माणसानं थांबवलं त्याचं नाव येऊ नये. नाव दिसलं की लोक त्या माणसाला धरतात, म्हणाला, आणि मग तो पुढच्या वेळी थांबवत नाही.

हर्षाली नंतर मला म्हणाली, काका, मी पुण्यात मोठ्या कंपनीत असताना आठ-आठ जण बसून हे नियम ठरवायचो, पण हा विचार कोणाच्या डोक्यात आला नव्हता. मला राग येऊन गेला होता, त्याच्या जागी अभिमान आला. तिनं तसंच केलं. त्या एका परवानगीपुरतं माझं सुपर अ‍ॅडमिनपण तिनं काढून घेतलं, आणि मी आनंदानं काढू दिलं.

चिमाजी गेल्या श्रावणात गेला. गावी, स्वतःच्या अंथरुणात, झोपेत. सगळ्यांनी हेवा करावा असं मरण. हर्षालीनं त्याचा अंगठा आणि पासवर्ड बंद केला, आणि राखणदाराच्या खुर्चीवरून त्याचं नाव काढू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, वर्षश्राद्धापर्यंत नाव राहू दे. आमच्यात घरच्या माणसाची जागा लगेच रिकामी करत नाहीत. ती म्हणाली, ठीक आहे, नुसतं नाव आहे, त्यानं काही होत नाही. त्यानंतर चेंबरच्या दारांची रबरं बदलायची होती म्हणून दारं उघडीच होती. राखणदाराची गरजच पडली नाही.

आता मृग बहाराच्या डाळिंबांचा माल आला, पहिला भरला तो तीन नंबर. पुंजाराम म्हणून चिमाजीच्या हाताखालचा माणूस होता, त्याला त्या शनिवारी मी राखणदार केला. पेढा दिला, एका बोटानं त्याचं नाव घातलं, अंगठा नोंदवला. तो चिमाजीच्या फोटोच्या पाया पडून आला.

बायकांची टोळी सकाळपासून क्रेट रचत होती. जेवायच्या सुट्टीत त्यांचा टेम्पो आला आणि त्या निघाल्या. पुंजारामनं चिमाजीसारखंच केलं. उंबऱ्यावर उभा राहून हजेरीच्या कार्डांवरची नावं एकेक करून पुकारली, आणि बाहेर टेम्पोत चढणाऱ्या बायका ओ देत गेल्या. मोहिनीचं नाव आलं तेव्हा बायका हसल्या. एक म्हणाली, मोहिनी तर घरी हाय, कधीची. गेटवर बघितलं, मोहिनीचं कार्डही बाहेर पडल्याचं लागलेलं होतं. पुंजारामचं समाधान झालं. टेम्पो गेला. आवारात मी, पुंजाराम आणि ते ऊन.

मी पडद्यापाशी गेलो. त्यानं अंगठा लावला, 'रिकामी' केलं. मी 'बंद' दाबलं.

दार वीतभर सरकलं आणि थांबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली.

थांबा — राखणदार.

मी पुंजारामकडे बघितलं, म्हटलं चुकून दाबलंस का? त्याचे दोन्ही हात छातीशी होते, पेढ्याचा कागद चोळत उभा होता. मी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. यंत्र बंद करून चालू केलं, नेटची पेटी काढून लावली, एका बोटानं जे जे येतं ते केलं. पडदा पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिला. उघड्या फटीतून गार हवा पायावर येत होती, डाळिंबाच्या देठांचा तुरट वास आणि ओल्या पुठ्ठ्याचा. बाहेर ऊन असून पोटऱ्या गारठल्या.

आता माझी घाई सुरू झाली. माल सकाळी थंड करून ठेवलेला, प्रत्येक मिनिटाला आत ऊब शिरत होती. फळाला एकदा घाम आला की डाग पडतो. मी हर्षालीला फोन लावला. ती घरी होती. तिनं तिथूनच बघितलं आणि म्हणाली, जुन्या नावाचा काहीतरी गोंधळ असेल, मी त्या दारापुरता राखणदाराचा नियमच काढून टाकते, एक मिनिट लागेल.

मी म्हटलं, काढ.

कीबोर्डचा आवाज येत होता. मग थांबला. "काका, झालंय. शेवटचं बटण दाबू का?"

तेवढ्यात पुंजाराम माझ्या कोपराला हात लावून हळूच म्हणाला, "शेठ... यंत्र बिघडलं तर बंद पडंल. हे तर थांबा म्हणतंय."

काय सांगू तुम्हाला, त्या क्षणी मला माझाच हात परका वाटला. मालकाला घाई असते. फोन कानाला तसाच धरून मी म्हटलं, "हर्षाली, दाबू नको. आधी आत बघून येतो."

चेंबरमध्ये दिवा असतो, पण माल वरपर्यंत रचला की उजेड पहिल्या रांगेपाशीच संपतो. मी टॉर्च घेतली. पुंजाराम दार धरून उभा राहिला. दोन रांगांच्या मध्ये माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट. पंखे बंद केलेले, म्हणून शांतता इतकी जाड, की माझ्या चपलेचा आवाज मला दुसऱ्याच कोणाचा वाटत होता. एका बाजूला क्रेट, दुसऱ्या बाजूला क्रेट, त्यांच्या जाळीतून हजारो लाल डाळिंबं टॉर्चच्या उजेडात बघत असल्यासारखी. मी मोठ्यानं म्हटलं, "कोणी आहे का?" आणि म्हणताना कळलं, की असं म्हणायचं नसतं.

शेवटच्या रांगेमागे, भिंतीला टेकून एक बाई बसली होती. मान खांद्यावर, पदर तोंडावरून ओढलेला. मला आधी पोतं वाटलं. मग हाताची बोटं दिसली, निळसर...

कसं बाहेर आणलं ते आठवत नाही. उन्हात बसवलं, पुंजारामनं तिचे तळवे घासले, गरम चहा थोडा थोडा पाजला. दातांवर कप वाजत होता. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. सुरगाण्याकडची होती. नाव सुलाबाई. मोहिनी तिची नणंद. मोहिनीच्या घरी पाहुणे आले म्हणून ही तिच्या कार्डावर बदलीला आली होती. टोळ्यांमध्ये हे सर्रास चालतं. जाताना एकीनं सगळ्यांची कार्डं गठ्ठ्यानं यंत्राला लावली, घाईत कोणी डोकी मोजली नाहीत. सुलाबाईला सकाळपासून ताप होता, घटकाभर टेकावं म्हणून मागे बसली, आणि थंडीनं तिला तिथंच धरलं. हर्षालीनं केलेल्या सगळ्या खुर्च्या जागच्या जागी होत्या. एका खुर्चीवर भलताच माणूस बसला होता, एवढंच.

"मोहिनी, मोहिनी ऐकलं," ती म्हणाली, "पर ते मपलं नाव नाय. उठाया जीवच नव्हता."

मग चहा संपवून म्हणाली, "मंग मपल्या नावानं हाक आली. सुलाबाई, सुलाबाई. तवा जरा जाग आली. मी ओ दिली... पर आवाज फुटंना."

पुंजारामनं आणि मी एकमेकांकडे बघितलं. तिचं नाव आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हतं. तिनंच आत्ता सांगितलं होतं.

मी विचारलं, "दारातून हाक आली का?"

"नाय." तिनं मान हलवली. "दार तर पार तिकडं. आतूनच आली. जवळून."

अंगावर काटा आला, खोटं का बोलू. पण काट्याबरोबर छाती भरून आली. मी फोटोकडे बघून हात जोडले. म्हटलं, चिमाजी, मेल्यावरही ड्युटी सोडली नाहीस. पुढच्या आठ दिवसांत मी ही गोष्ट मार्केटमध्ये, लग्नात, बँकेच्या रांगेत, भेटेल त्याला सांगितली. लोक ऐकून हात जोडायचे. सुलाबाईचं स्वतःच्या नावाचं कार्ड मी त्याच संध्याकाळी बनवलं आणि टोळीच्या मुकादमाला असं झापलं की तो आजही मला बघून गाडी दुसऱ्या गल्लीत घालतो.

पण दोन गोष्टी बसेनात.

एक हर्षालीनं दाखवली. तिच्याकडे पडद्यामागची नोंद दिसते, तिथं माणसाचं नाव लपत नाही. त्या शनिवारच्या प्रत्येक 'थांबा'समोर रोल होता, राखणदार. माणसाच्या जागी काहीच नव्हतं. चिमाजीचं नावही नाही. ती म्हणाली, "काका, अशी नोंद होऊच शकत नाही. माणूस असल्याशिवाय रोल काही करत नाही. खुर्ची स्वतःहून बोलत नाही." तिनं दारांचा सगळा भाग नव्यानं लिहिला. दोन दिवस आमच्याकडे शाल गुंडाळून बसली, प्रत्येक चेंबरला लावून बघितला. तीन नंबर सोडला तर बाकी सगळी दारं पहिल्या दाबाला लागली.

दुसरी गोष्ट म्हणजे तीन नंबर. सुलाबाई बाहेर आली, आम्ही क्रेट न् क्रेट हलवून बघितलं, आत उंदीर नव्हता. तरी दार लावायला गेलं की, थांबा. शेवटी सगळा माल चार नंबरला हलवला. चार नंबर मुकाट्यानं लागलं. तीन नंबर चार भिंती आणि फरशी एवढंच उरलं, इकडून तिकडे सगळं दिसतं, मुंगी लपायला जागा नाही. थांबा. हर्षालीनं नियम काढायचं ते शेवटचं बटण पुन्हा माझ्यासमोर ठेवलं. मी नको म्हटलं. ज्या शब्दानं एक जीव वाचला, तो शब्द मला पटला नाही म्हणून मी खोडणार नाही. तीन नंबरचं दार तेव्हापासून उघडं आहे. हंगामात एक चेंबर रिकामा ठेवणं म्हणजे काय, ते धंद्यातल्या माणसालाच कळेल.

महिन्याभरानं मी सटाण्याकडे माल बघायला गेलो होतो. चिमाजीच्या घरी डोकावलो. त्याची बायको लताबाई ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी मांडी घालून बसलो आणि सगळी हकीकत रंगवून सांगितली. तुमच्या धन्यानं मेल्यावर एक बाई वाचवली, म्हटलं. तिच्या डोळ्यांत पाणी येईल असं मला वाटलं होतं.

ती शेंगा फोडतच राहिली. मग म्हणाली, "त्ये नसतील."

मी म्हटलं, असं कसं, राखणदार तोच होता.

"तुम्ही त्यांना तीन नंबरात जाताना कधी बघितलं का, शेठ?"

मी आठवत बसलो. सकाळ, दुपार, हंगामामागून हंगाम. चिमाजी उंबऱ्यावर. चिमाजी दाराच्या कडेला हात लावून उभा. चिमाजी हाक मारतोय, वाट बघतोय. त्याचं पाऊल आतल्या फरशीवर पडलेलं मला एकदाही आठवेना. क्रेट लावायचे, काढायचे, ते नेहमी दुसऱ्याला सांगायचा. मी त्याला शिस्त समजत होतो.

"जुन्या मालकाच्या वक्ताला," ती म्हणाली, "बाहेरगावची टोळी होती. मालक दारात उभा, लाव लाव करत. ह्यांनी लावलं." एक शेंग फुटली. "आत एक बाई राहिली. तिचं नाव कोनालाच माहीत नव्हतं. टोळी बी निघून गेली. मरेपर्यंत त्येच बोलायचे. निदान नाव विचारलं असतं, म्हणायचे."

त्या माणसाबद्दल माझ्या मनात जे होतं, ते मी उलटंपालटं करून बघितलं. कमी झालं नाही. एवढं ओझं घेऊन तो त्याच दारात उभा राहायला मागे थांबला होता, आणि जिवंत असेपर्यंत त्यानं दुसऱ्या कोणाला आत राहू दिलं नाही. मला राग यायला हवा होता का? मला नाही आला.

निघताना लताबाई म्हणाली, "त्यांचं नाव काढा तिथून. आता त्यांना सोडा."

नाशिकला परत आलो तो थेट सुलाबाईकडे गेलो. ती बाहेर क्रेट पुसत होती. मी तिला जे आधीच विचारायला हवं होतं ते विचारलं. ज्यानं हाक मारली, त्याचा आवाज कसा होता? म्हाताऱ्या माणसाचा?

ती माझ्याकडे बघतच राहिली, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं. "बाईमानूस व्हती ती," म्हणाली. "मपल्याच वयाची. मांडीला मांडी लावून बसली व्हती की. मला म्हनली... तू जाय. तुला हाक मारतील."

मी हर्षालीला फोन करून चिमाजीचं नाव काढायला सांगितलं. तिनं काढलं. राखणदाराच्या खुर्चीवर आता एकटा पुंजाराम उरायला हवा होता. थोड्या वेळानं तिचा उलटा फोन आला. म्हणाली, काका, पुंजारामच्या खाली अजून एक ओळ दिसतेय, रिकामी. नाव भरल्याशिवाय तिथं ओळ तयारच होत नाही. पुसू का?

मी म्हटलं, राहू दे.

काल संध्याकाळी पुन्हा तिचा फोन होता. आवाज अगदी खालचा. म्हणाली, त्या ओळीत नावाच्या जागी एक अक्षर आलंय. मी विचारलं, कोणतं? ती ते तोंडानं सांगेना. "अर्ध्या नावानं हाक नको मारायला, काका," म्हणाली. "पूर्ण होऊ दे."

आज सकाळी दुसरं आलं.